दमदम्याखालचं घर

इब्रामपूर, पेडणे
९ नोव्हेंबर १९८६

चि. कमलाक्षीस,
सगुणदादाचे आशीर्वाद.

एक गंभीर तक्रार नोंदवतो आणि मग कुशलाकडे वळतो. तुझ्या कादंबरीला सुक्या कोळंबीचा वास येतो. पहिली तीन प्रकरणं आणि सुंगटांची पुडी तू एकाच पिशवीत बांधून बाबाजी कंडक्टरच्या हाती दिलीस, आणि त्या सज्जनानं ती पिशवी डिचोलीपासून इथपर्यंत इंजिनाच्या झाकणावर ठेवून आणली. परिणाम असा की मी जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस वाचत होतो आणि आमची मांजर मांडीवर चढून तेच पान चाटत होती. वाचक साहित्यात इतका रमल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. विमलानं सुंगटं उचलली, माझ्यापुढे कादंबरी ढकलली आणि वाटणी न्याय्य झाली असं जाहीर केलं.

आता कादंबरी. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, ज्यू लोकांचा, वाळवंटातला मसादा किल्ला. खाली रोमन फौजेचा वेढा. वर अडकलेल्या बायका. पाळीच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरणीला हा विषय सुचावा, याचं श्रेय तुझ्या दीनाला द्यायला हवं. रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात तुझ्या शेजारची खाट तिची. अलिबागकडची बेने इस्राएल ज्यू मुलगी, शनिवारी चूल न पेटवणारी आणि आपल्या दोघांपेक्षा स्वच्छ मराठी बोलणारी. ती तिकडे इस्राएलात जाऊन स्थायिक झाली तरी तुला अजून चित्रांची कार्डं पाठवते, हे वाचून बरं वाटलं.

सुधारणा थोड्याच आहेत. रोमन सरदार घाबरला की 'आई गे' म्हणत नाही. दुसरं, तू पानोपानी लाल धूळ उडवली आहेस. त्या वाळवंटातली माती पांढरट, फार तर पिवळट. मी माझ्या लाल पेन्सिलीनं तुझी सगळी लाल धूळ खोडली आहे. तिसरं, तुझी नायिका हन्ना पीठ दोनदा चाळते, कारण पिठात माती येते. बाई, किल्ला उभ्या कड्यावर आहे. तिथं पिठात माती कुठून येणार? ते वाक्य काढ.

इकडे सर्व ठीक. विमलाचे गुडघे हवामान खात्याच्या आधी बोलतात. गौरेशला अखेर नोकरी लागली. डिचोलीच्या बाजूला कुठल्याशा खाणीवर, देखरेखीची. म्हणजे उन्हात उभं राहायचं आणि दुसरे काम करताना पाहायचं. शिक्षकाचा मुलगा आहे, जमेल. तुझ्या सासूबाईंना, मांयना, नमस्कार सांग.

सगुण

*

पाळी, डिचोली
२३ नोव्हेंबर १९८६

ती. सगुणदादास,
कमलाक्षीचा साष्टांग नमस्कार.

मांजरीचा अभिप्राय पोचला. पुढच्या वेळी पुडी वेगळी बांधीन. पण तिला आवडलेलं पान कुठलं ते कळव, बाकीची तशी करते.

पिठात माती कुठून येणार, असं विचारलंस. आमच्या यांचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर तू पाळीला आलेला नाहीस, म्हणून विचारतोस. तेव्हा आमच्या परसामागं काजूची झाडं होती आणि त्यांच्यामागं टेकडी होती. आता टेकडी नाही. तिच्या पोटातलं लोखंडाचं खनिज काढून बोटीतून जपानला नेलं, आणि वरची निकामी माती आमच्या परसामागं आणून टाकतात. त्याला इथं डंप म्हणतात. सकाळी टिपर सुरू होतात. वरच्या कडेवर उलटे येतात, माती ओततात, ती घरंगळत खाली येते आणि डंप घराकडे हातभर सरकतो. काजूच्या दोन ओळी त्याच्या पोटात गेल्या. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी भगवं होऊन येतं. मांय म्हणतात, "आमी सगळींच संन्याशी जाल्यांव गो." पीठ मी दोनदा चाळते.

दीनानं मसादाचं कार्ड पाठवलं, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलंय. रोमन लोकांना तो कडा चढता येईना, म्हणून त्यांनी पायथ्यापासून तटापर्यंत मातीचा प्रचंड उतार रचला आणि त्यावरून वर आले. तो उतार अजून तसाच आहे, कार्डात दिसतो. कार्डावरून नजर काढून मी खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसले. आतल्या पुरुषांनी काय भाषणं केली ते लिहून ठेवलेलं आहे म्हणे. बायका त्या दिवसांत काय रांधत होत्या, पाणी कसं पुरवत होत्या, उठल्यावर तटापाशी जाऊन 'आज किती वर आला' ते कशा पाहत होत्या, हे कुणी लिहिलेलं नाही. मला तेवढंच लिहायचंय.

गेल्या पावसाळ्यात डंपचा एक कोपरा सुटला आणि शेजारची विहीर चिखलानं भरली. ती माणसं घर सोडून गेली. त्यांच्यापलीकडचीही गेली. आता या बाजूला आमचंच घर. येत्या पावसात काय होईल ते मला माहीत नाही. मांयना विचारलं तर म्हणतात, लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाऊसच पाहतेय.

गौरेशला नोकरी लागली, आनंद वाटला. कुठल्या खाणीवर? डिचोलीच्या बाजूला खाणी पुष्कळ आहेत, पण इतक्याही नाहीत.

कमलाक्षी

*

इब्रामपूर
७ डिसेंबर १९८६

चि. कमलाक्षीस आशीर्वाद.

तुझ्या त्या मातीच्या उताराला आपल्याकडे उत्तम शब्द आहे: दमदमा. किल्ल्याबाहेर मातीचा उंचवटा रचून त्यावरून मारा करायचा, तो दमदमा. बखरी लिहिणाऱ्यांनी तो आपल्यासाठी ठेवला आहे, वापर. 'उतार' म्हटलं की ताप उतरल्यासारखं वाटतं.

धुळीच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. तुझ्या परसात लाल असेल, मसादात पांढरीच. लेखकानं आपल्या अंगणातली धूळ नायिकेच्या अंगावर उडवू नये. तसंच पत्रासोबत आलेल्या चौथ्या प्रकरणात हन्नाच्या कोठारात तू सुके मासे टांगले आहेस. त्या किल्ल्याखाली जो समुद्र आहे त्याचं नाव मृत समुद्र, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. त्यात मासा जगत नाही. तुला मासळीवाचून एक अख्खं प्रकरण काढणं जड जातंय, हे मी समजू शकतो.

डंपचं वाचलं. काळजी वाटण्यासारखं आहे. तू आणि मांय दोघी पावसाळ्याआधी इथं का येत नाही? तुझं माहेर आहे. चुलतभाऊ असलो तरी एकाच पंगतीत जेवून वाढलोय. खोल्या रिकाम्या आहेत, त्यांतल्या एकीत फक्त माझी पुस्तकं राहतात आणि ती भाडं देत नाहीत.

गौरेशच्या खाणीचं नाव इंग्रजी आहे. माझ्या लक्षात राहत नाही.

सगुण

*

पाळी
१८ जानेवारी १९८७

ती. सगुणदादास साष्टांग नमस्कार.

तुझं डिसेंबरचं पत्र परवा मिळालं. भाषेसाठी लोकांनी रस्त्यांवर झाडं पाडली, गाड्या बंद झाल्या, आणि बाबाजी म्हणे तुझं पत्र खिशात ठेवून घरी बसून होता. पोदेर आला नाही म्हणून पाव नाही. शाळेत मुलं नाहीत. कोंकणी हवी की मराठी, हे मला विचारायला दोन्हीकडचे लोक दारात येऊन गेले. मांयनी दोघांनाही कोंकणीतूनच घालवलं.

एक दिवस टिपरही आले नाहीत. तो सबंध दिवस मांय परसात बसून होत्या. संध्याकाळी आत येऊन म्हणाल्या, "आयकूंक येता गो. कावळे अजून आसात." दुसऱ्या दिवशी टिपर आले.

प्रकरणं मी मांयना वाचून दाखवते. त्या तांदूळ निवडत ऐकतात. तुझी मासळीची हरकत सांगितली, तर म्हणाल्या मासा नसेल तर खजूर सुकवा, पण पुरुमेंत हवंच. तू म्हणशील, रोमन काळात पुरुमेंत कुठून? नावाचं सोड. पावसाच्या चार महिन्यांसाठी आपण तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी, कोकम, खाराचे आंबे भरून ठेवतो, तसंच त्यांनी धान्य, तेल आणि खजूर भरून ठेवले होते. दीनानं लिहिलंय, कोठारं अजून आहेत. वेढा म्हणजे काय, तर न संपणारा पावसाळा. हे मांय म्हणाल्या, मी नव्हे. मी नुसतं हन्नाच्या सासूच्या तोंडी घातलं. तिचं नाव तिर्झा.

सोबत सहावं प्रकरण आहे. रोमनांनी दमदमा स्वतःच्या हातांनी रचला नाही. पकडून आणलेल्या ज्यू कैद्यांना मातीच्या पाट्या वाहायला लावल्या, असं मी धरलंय. म्हणजे वरून दगड टाकावा तर आपल्याच माणसांवर. हन्ना तटावर दगड उचलून उभी राहते आणि तिला खाली पाटी घेऊन चढणारा आपल्या चुलतभावाचा मुलगा दिसतो. ती दगड खाली ठेवते.

हे प्रकरण जरा नीट वाच.

कमलाक्षी

*

इब्रामपूर
१५ फेब्रुवारी १९८७

चि. कमलाक्षीस आशीर्वाद.

राजभाषेचा कायदा झाला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहाचे दोन गट पडले आहेत. माझ्या घरात कोंकणी, देवापुढे संस्कृत आणि पत्रात मराठी. पैकी राजभाषा कुठली हे विमला ठरवते, आणि बहुधा ती न बोलताच ठरवते.

सहावं प्रकरण नीट वाचलं. कैद्यांची कल्पना चांगली. त्यात खरी कोंडी आहे. पण तो चुलतभावाचा मुलगा काढ. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटलंय: कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. इतक्या कैद्यांत नेमका नायिकेचाच भाचा, आणि तो नेमका तिच्याच समोरून चढणार? वाचक पुस्तक मिटेल. शिवाय पोरगं एक शब्द बोलत नाही. मान खाली घालून माती वाहतं. अशा मुक्या पात्राचा उपयोग काय? वाचताना मला थोडं अस्वस्थ वाटलं. तो शैलीचा दोष असावा. सहावं प्रकरण पुन्हा लिही.

पावसाआधी येण्याचं काय ठरवलंस, ते तू लिहिलेलं नाहीस.

सगुण

*

पाळी
१ मार्च १९८७

ती. सगुणदादास नमस्कार.

भाचा काढणार नाही.

तुझ्या न्यायातला कावळा एकदाच बसतो. आमचा रोज सकाळी येतो, डंपच्या कडेवर हिरवं निशाण घेऊन उभा राहतो, आणि कुठला टिपर कुठं रिकामा करायचा ते दाखवतो. पहिल्या दिवशी डोक्यावर खाणीची टोपी होती म्हणून ओळखला नाही. दुसऱ्या दिवशी चालण्यावरून ओळखला. तुझ्यासारखाच एक खांदा पुढे टाकून चालतो. तुझं ते 'नाव लक्षात राहत नाही' आलं तेव्हा मी हसले. अख्खं व्याकरण ज्याला पाठ, त्याच्या तोंडी हे शोभत नाही.

आधी मांयनीच त्याला हाक मारली. मला म्हणाल्या, "हो सगुणालो न्हय गो? दिसभर उबो आसा. ताका पेज दी." तेव्हापासून दुपारी मागच्या पडवीत बसून पेज आणि खाराचा आंबा खातो. पहिल्या दिवशी नीट जेवला नाही. म्हणाला, "आत्या, बाबांनी सांगितलंय, तुला कळू द्यायचं नाही." मी म्हटलं, "मग नको कळू देऊस. वाढू का अजून?" त्यामुळे मलाही कळवता आलं नाही. त्यानं मांयनाही गप्प राहायची शपथ घातली होती, पण मांयनी शपथ ऐकली नाही, त्यांना त्या कानानं कमी ऐकू येतं.

त्याला बोलू नकोस. त्याच्या हातात निशाण आहे, डोंगर नाही. मुकादम जेवायला गेला की तो टिपर पलीकडच्या बाजूला वळवतो. संध्याकाळी त्याबद्दल बोलणी खातो. आमच्या बाजूची कड इतर वर्षांपेक्षा हळू सरकतेय ती त्याच्यामुळे. पण सरकतेय.

कमलाक्षी

*

इब्रामपूर
१२ मार्च १९८७

चि. कमलाक्षीस,

भाचा राहू दे. सहाव्या प्रकरणातले माझे सगळे शेरे मागे घेतो. मुकं पात्र चालतं.

तो दोन वर्षं आमच्या ओसरीवर बसून वाशांकडे पाहत होता. मग ही नोकरी आली. खाणीचं नाव ऐकल्यावर मी मुहूर्त पाहिला आणि नकाशा पाहिला नाही. तुला कळवलं तर तू काही म्हणणार नाहीस, याची मला खात्री होती. आणि तेच मला नको होतं. याउपर याविषयी मी लिहीत नाही. गौरेशलाही काही बोललो नाही. रविवारी तो आला तेव्हा त्याला विचारलं, पेजेबरोबर आंबा अजून आहे का. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "संपत आला." विमला आत गेली आणि बरणी घेऊन आली. ती बाबाजीबरोबर पाठवतोय. वास येण्याइतकी सैल बांधलेली नाही, याची खात्री मांजरीनं केली आहे.

आता मुद्द्याचं. पावसाआधी तुम्ही दोघी या. मांयना माझ्या वतीनं सांग. नको, तूच तुझ्या वतीनं सांग, माझी पत आता घसरलेली असणार.

सगुण

*

पाळी
२० एप्रिल १९८७

ती. सगुणदादास साष्टांग नमस्कार.

बरणी पोचली. गौरेशनं आपल्या आईचा आंबा ओळखला आणि आमच्यापेक्षा खारट आहे म्हणाला. हे विमलावहिनीला सांगू नकोस.

मांयना विचारलं. त्यांनी निवडत असलेल्या मिरच्या खाली ठेवल्या आणि स्वतःचं नाव घेऊन म्हणाल्या, "सुनेच्या कुळारांत पावस काडूं? लोक म्हणटले, यशोदेक आपलें घर ना." तुला या बाजूच्या चालीरीती सांगायला नकोत. सून माहेरी जाते, सासू सुनेच्या माहेरी जात नाही. गेली तर दारात बसून पाणी पिऊन परत येते. चार महिने सुनेच्या माहेरच्यांच्या हातचं जेवायचं, हे त्यांच्या आयुष्यात बसत नाही. मी एकटी येऊ शकत नाही. विषय तिथं संपला.

आणि त्यांनी पुरुमेंत भरायला घेतलंय. अंगणात बांगडे खारवून वाळत टाकलेत, त्यांच्यावर डंपची धूळ बसू नये म्हणून माझं जुनं लुगडं ताणून बांधलंय. मिरच्या झाल्या, कोकम झालं, उकडे तांदूळ पोत्यात भरून झाले. पुरुमेंत भरणारी बाई घर सोडत नसते. बदलीसाठी मी अर्ज केला होता, इब्रामपूरहून रोज जाता येईल अशा लाटंबार्शाच्या शाळेत जागा मिळालीय, जूनपासून. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कादंबरी शेवटाकडे आलीय आणि अडलीय. दमदमा तटाला टेकतो. पुरुष एकत्र बसतात आणि ठरवतात की रोमनांच्या हाती सापडण्यापेक्षा सगळ्यांनी मरायचं, बायकामुलांसकट. तसं लिहून ठेवलेलंच आहे. पण त्याच हकिगतीत असंही आहे की दोन बायका काही मुलांना घेऊन जमिनीखाली, पाण्याच्या वाटेत लपल्या आणि वाचल्या. एक म्हातारी होती आणि एक शिकलेली. त्यांची नावं नाहीत. मी नावं दिलीत, पण त्या लपायला कशा तयार झाल्या ते मला लिहिता येत नाही. तिर्झा म्हणते, माझं घर सोडणार नाही. ती माझं ऐकत नाही.

मांयना वाचून दाखवलं. पुरुषांचं भाषण ऐकल्यावर म्हणाल्या, "तांकां कोणें विचारलें?" मग लपण्याचं ऐकून विचारलं, "लिपताना खावपाक कितें व्हेलें?" त्यांनी बरोबर खायला काय नेलं असेल? मी तो विचारच केला नव्हता.

कमलाक्षी

*

इब्रामपूर
२ मे १९८७

चि. कमलाक्षीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आपद्धर्मावर एक टिपण तयार केलं. संकटकाळी रूढीची बंधनं शिथिल होतात, याला भरपूर आधार आहेत. सासूनं सुनेच्या माहेरी राहण्याला स्पष्ट निषेध कुठंही नाही, हेही दाखवलं. वचनांसहित, मुद्देसूद, तीन ताव. मांयना वाचून दाखवण्यासाठी तुला पाठवणार होतो.

विमलानं ते ऐकलं. चुलीपुढून न उठता म्हणाली, "त्या म्हातारीला आपद्धर्म सांगू नका. मांगर रिकामा आहे, ते सांगा."

तुला मांगर आठवतो ना? घरापासून शेताच्या टोकाला, काजूच्या वर. हंगामात कामाची माणसं राहायची ती खोली, पडवी आणि मागं न्हाणी. आता तिथं फक्त धान्य साठवायची जुनी ढोली आणि विमलाच्या कोंबड्या असतात. कोंबड्यांना हलवता येईल. भिंती धड आहेत, चार कौलं बदलावी लागतील. जागा उंचावर आहे. मागं डोंगर आहे तो देवानं केलेला, तो चालत नाही.

टिपण मी ठेवून दिलं आहे. पुढंमागं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सगुण

*

पाळी
२४ मे १९८७

ती. सगुणदादास साष्टांग नमस्कार.

टिपण जपून ठेव. मांगर लागू पडला.

मी सांगितलं तेव्हा मांय बांगड्यांच्या चळती पोत्यात लावत होत्या. हात थांबवला नाही. विचारलं, "चूल वेगळी?" म्हटलं, वेगळी. "पाणी?" म्हटलं, वरची झर आहे. मग म्हणाल्या, "मांगर म्हळ्यार शेताचो. थंय हांव कोणाची सोयरी न्हय." अटी अशा आहेत: चूल त्यांची, तांदूळ त्यांचे, मासळी त्यांची. विमलावहिनीनं ताट पाठवायचं नाही. सणाला पाठवलं तर त्या उलट ताट पाठवतील. कोंबड्या राहिल्या तरी चालतील, अंडी विमलावहिनीची. आणि तू रोज चौकशीला यायचं नाही, गावात दिसतं.

मग मला कळलं की पुरुमेंत भरतानाच त्यांच्या मनात काही तरी चाललं होतं. राहायचं असतं तर त्यांनी तांदूळ ढोलीत ओतले असते. पोत्यात भरले, तोंड शिवून. मी शिकलेली, पण ते मला दिसलं नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत बसून शेवटचं प्रकरण लिहिलं. तिर्झा भांडत नाही, रडत नाही. पुरुषांचं भाषण चालू असताना ती उठते, कोठारात जाते आणि खजुराची टोपली हन्नाच्या हातात देते. म्हणते, पाण्याजवळ थंड असतं, मुलांना पांघरूण घे. एवढंच. दोघी मुलांना घेऊन पाण्याच्या टाक्यात उतरतात. सोबत पाठवलंय.

पुरुमेंतची चार पोती आणि दोन बरण्या येत्या शनिवारी बाबाजीच्या गाडीच्या टपावरून येतील. आम्ही मागाहून. इथं एक अडचण आहे. मांय म्हणतात, "एक पावस पळयतां, मागीर येतां." पहिल्याच पावसात घर कसं टिकतं ते त्यांना डोळ्यांनी पाहायचंय. त्यांचं असं की आम्ही कोरड्यात निघालो तर लोक म्हणतील, भिऊन पळाली, आणि रिकामं घर म्हणून कंपनी सरळ माती ओतेल. पाऊस बघून निघालं की ते निघणं वेगळं. मी ७ जूनचा रविवार ठरवलाय. त्यापुढे एक दिवस नाही, हे त्यांना सांगितलंय. त्यांनी मान हलवली. ती मान हो म्हणते की नाही, हे पंचवीस वर्षांत मला कळलेलं नाही.

गौरेशला पावसात वरचे चर मोकळे ठेवायच्या कामावर घातलंय. टिपर बंद झाले, पण चार माणसं वर लागतात, पाणी साठू नये म्हणून. तो तुला सांगणार नाही म्हणून मी सांगतेय.

कमलाक्षी

*

इब्रामपूर
४ जून १९८७

चि. कमलाक्षीस आशीर्वाद.

शनिवारी आपला गोवा राज्य झाला. पंचायतीपुढे झेंडा लावला, शाळेत लाडू वाटले, भाषणं झाली. मी उपस्थित होतो आणि माझ्या वाट्याला आलेला लाडू मऊ होता. परत येताना बाबाजीची गाडी फाट्यावर उभी दिसली. टपावरून पोती उतरवत होता. मला म्हणाला, "मास्तर, राज्य पोचलं, आणि तुमचं सामानही पोचलं." पोती आम्ही मांगरात नेली. एकही ओली झाली नाही. मांयनी तोंडं अशी शिवलीत की मांजर दोन दिवस वास घेऊन थकली आणि पोत्यावरच झोपली. कौलं बदलली आहेत. विमलानं चूल लिंपली, पण मांयची चूल मांयनीच पेटवायची म्हणून तिला हात लावलेला नाही. कोंबड्या पडवीत आहेत. मी रोज चौकशीला येणार नाही; एक दिवसाआड येईन, तेही लांबून.

शेवटचं प्रकरण वाचलं. एकही शेरा नाही. खजुराची टोपली तशीच राहू दे. पहिल्या प्रकरणांत मी खोडलेली लाल धूळ पुन्हा लिही. दीना विचारेल, तिला सांग की माझ्या संमतीनं लिहिली.

मंगळवारपासून इथं पाऊस लागला आहे. तिकडेही असणारच. आता माझ्यापाशी तक्रार करायला काही उरलेलं नाही, म्हणून जे आहे ते लिहितो. तुझ्या कादंबरीत हन्ना वर आहे आणि भाचा खाली. पाळीत उलटं आहे. गौरेश वर चर मोकळे करतोय, आणि खाली तू आणि मांय पाऊस पाहताय. माती सुटली तर ती वरचा आणि खालचा असं काही बघणार नाही. काल मी धोतर नेसून बाहेर पडायला निघालो आणि कुठं जायचं होतं तेच आठवेना. विमला दिवसभर माझ्याशी गुडघ्यांविषयी बोलतेय, म्हणजे तिच्याही मनात तेच आहे.

दुपारच्या फेरीला बाबाजी हे पत्र नेतो आहे. रविवारपर्यंत मी थांबत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी पाळीला येतो. मी पोचेपर्यंत काय बांधायचं ते बांधून ठेव, आणि उद्या जेवायला आला की गौरेशला खालीच बसवून ठेव. मांयना सांग, पाऊस पाहून झाला.

मला भीती वाटते आहे.

सगुण